कलप लावला, टँकर आला नाही

गहिनीनाथ आप्पांनी आयुष्यात एकच काम वेळेच्या आधी केलं, आणि तेच अंगाशी आलं. दूध सोसायटीच्या सभेच्या दिवशी सकाळी, टँकर गावात यायच्या आधीच, त्यांनी डोक्याला कलप लावला.

(घरात पाणी आहे का हे बघून मग डोक्याला हात लावावा, एवढं कुठल्याही बाईला कळतं. पुरुषाची मात्र जन्मापासून समजूत असते की पाणी घरात आपोआप येतं. दुष्काळाचं तिसरं वर्ष चालू होतं, तरी समजूत जागची हलली नव्हती.)

कलपाचं कारण मोहनराव. सभेत सोसायटीचा चेअरमन निवडायचा होता, आणि त्या पदावर दोघांचा डोळा होता. आप्पांची सगळी उमर चेअरमनच्या शेजारच्या खुर्चीवर गेली होती. आता फक्त एक खुर्ची सरकायची होती. आणि हा मोहनराव भर पारावर म्हणाला, "आप्पाच्या डोस्क्याचा पार कापूस झाला. छावणीतली जनावरं सांभाळायची, का आप्पाला सांभाळायचं?" सगळे हसले. आप्पाही हसले, आणि तसेच युसूफवडगावच्या बाजाराला जाऊन कलपाची पुडी घेऊन आले.

वाटीत कालवून, दाताच्या जुन्या ब्रशानं त्यांनी तो थापला. उरला तो मिशीला. पुडीवर लिहिलं होतं, अर्ध्या तासानं धुवा. आप्पा पाण्याच्या टिपाडाशी गेले. टिपाड कोरडं ठणठणीत.

"अगं भामे, पाणी कुठंय?"

"म्हशीला पाजलं," भामाबाई चुलीपुढून म्हणाल्या.

"समदं?"

"म्हस दूध देती. तुमचं डोस्कं काय देतंय?"

"आन् टँकर?"

"आधी मोहनरावाच्या गल्लीत थांबतोय. उरलं तर आपल्याकडं. एवढं ठाऊक न्हाई, आन् निघाले चेअरमन व्हायला!"

अर्धा तास झाला. तास झाला. टाळू अशी चुरचुरायला लागली, जणू कुणी डोक्यावर हुरडा भाजतंय. कपाळ, कान, मान, जिथं कलप ओघळला तिथली कातडी रंगली. शेवटी सभेची वेळ झाली, तसा आप्पांनी पटका करकचून बांधला आणि निघाले.

सभा सोसायटीच्या पत्र्याखाली. पत्रा असा तापलेला की भाकरी टाकावी. आप्पा भाषणाला उभे राहिले. "सभासद बंधू-भगिनींनो, या दुष्काळाची झळ..." इथपर्यंत आले आणि पटक्याखालून एक काळी धार निघाली. नाकावरून मिशीत आणि मिशीतून पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर.

"अवो आप्पा," पुढं बसलेली पारूबाई ओरडली, "तुमचा घाम काळा कावून?"

"आप्पा परळीच्या कोळशावर चालतेत!" मोहनराव म्हणाला, आणि पत्रा हादरला.

शेजारच्याच खोलीत जनावरांचा दवाखाना होता. तिथला बिभीषण डॉक्टर धावत आला आणि आप्पांना दंडाला धरून आत घेऊन गेला. गाईंसाठी ठेवलेल्या बादलीत त्यानं त्यांचं डोकं बुचकळलं. बायांत बसलेल्या भामाबाईही मागोमाग आल्या. नवऱ्याची सुजलेली टाळू बघून त्यांनी तोंडात आलेला शब्द गिळला. (असं फार वेळा होत नसे.)

"डॉक्टर," आप्पा निथळत म्हणाले, "केस पिकू नये म्हणून काय औषध हाय का? म्हशीचं असंल तरी चालंल."

"आप्पा, केस पिकतच न्हाई. बाई, तुमचा एक केस द्या बरं."

भामाबाईंनी कानामागून एक लांबसडक केस ओढून दिला. ज्या सूक्ष्मदर्शक दुर्बिणीतून डॉक्टर वळूचं बीज तपासायचा, तिच्याखाली त्यानं तो काचेवर ठेवला. आप्पांनी डोळा लावला.

केस नव्हताच तो! शिंदीच्या झाडासारखा खवल्याखवल्यांचा खांब होता. टोकाकडं आत काळे दाणे, मोहरी सांडल्यासारखे. डॉक्टर काच सरकवत गेला तसे दाणे विरळ झाले, आणि मुळाशी तर काहीच नाही. आरपार उजेड.

"पांढरा रंग कुठंय?"

"पांढरा रंग नसतोच. रिकामा केस पांढरा दिसतो." डॉक्टर सांगू लागला. "केसाच्या मुळाशी कातडीत एक खळगी असते. तिथल्या बारक्या पेशी वाढत्या केसात रंगाचे दाणे भरतात. काही वर्षांनी केस गळतो, त्याच खळगीतून नवा येतो. त्याला रंगवायला राखीव साठ्यातून नव्या पेशी याव्या लागतात. वय झालं की साठा संपत जातो. केस उगवतो, रंग उगवत न्हाई. कधी वाढत्या केसातच रंग संपतो, ह्या केसासारखा."

"म्हंजे हीर आटल्यावानी," आप्पा पुटपुटले.

"मग कानातलं रान कावून माजतं?" भामाबाईंनी नवऱ्याच्या कानाकडं बघत विचारलं.

"अंगातला एकच रस, हार्मोन म्हणतेत त्याला. टाळूवरच्या खळग्या आकसवतो, कानातल्या फुगवतो."

"टँकरावानीच की! एक गल्ली कोरडी, एक गल्ली तुडुंब."

डॉक्टर हसला. मग म्हणाला, "बाई, केस महिन्याला बोटाच्या अर्ध्या पेराएवढा वाढतो. तुमच्या या केसाचं टोक दुष्काळाच्या आधीचं हाय."

आप्पांनी पुन्हा डोळा लावला. ते काळे दाणे भरले जात होते तेव्हा ओढ्याला पाणी होतं, आणि भामाबाई ओढ्यावर धुणं धूत होत्या. ते सगळं या एका धाग्यात अजून होतं. चेअरमनपद, पटका, घाम, काहीच त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

"अरं, या रे समदे!" ते खिडकीतून ओरडले. "हितं बघा काय हाय!"

सभा उठून दवाखान्याच्या दारात आली. ज्याचा त्याचा केस काचेखाली. पारूबाईनं मोहनरावाला न विचारताच त्याचा एक उपटला. डॉक्टरनं बघितलं आणि खाकरला. "बाहेरून रंग. मुळाशी रिकामा. ह्योबी कलपच. फक्त धुतलेला."

हसून हसून लोक भिंतीला टेकले. "दोघंबी रंगीत!" सोसायटीत दूध मोजणारा कचरू म्हणाला. "बिनरंगाचा सभासद कोण हाय?"

सगळ्यांच्या माना भामाबाईंकडं वळल्या. म्हैस त्यांच्या नावावर, त्याही सभासद, रोजचं दूधही त्याच घालत.

"भामाबाईच्या बाजूनं हात वर करा," कचरू म्हणाला.

आप्पांचा डोळा दुर्बिणीला चिकटलेला होता. हात वर करा एवढंच त्यांना ऐकू आलं. पुन्हा बघायचा नंबर लावतायत असं समजून त्यांनी सगळ्यांत उंच हात केला.

भामाबाई एका मताच्या फरकानं चेअरमन झाल्या.

संध्याकाळी टँकर पहिल्यांदाच त्यांच्या गल्लीत आधी थांबला. टिपाड भरलं. आप्पा साबण-तांब्या घेऊन पुढं झाले, तोच चेअरमनबाईंनी तांब्या काढून घेतला.

"थांबा. आधी म्हस."