बाबांच्या फोनची समान वाटणी

काम वाटून देण्यात माझा हात धरणारा अख्ख्या कंपनीत कोणी नाही. हजारो लोक एकदम आमच्या यंत्रणेवर तुटून पडले, तरी प्रत्येक सर्व्हरच्या डोक्यावर सारखंच ओझं राहील हे मी पाहतो, आणि ते मोजून साहेबांना दाखवतो.

आई गेल्यापासून बाबा ऊठसूट फोन करायचे, तेही ताईलाच. शेवटी ती कातावली. "तुम्ही दोघं भाऊ काय शोभेचे आहात?"

हा तर माझ्या हातचा मळ! मी बाबांना एकच नंबर दिला. तो लावला की दादा, ताई आणि मी यांच्यात ज्याला सगळ्यात कमी फोन आले असतील, त्याचा वाजायचा. माझ्या पडद्यावर तिघांच्या रोजच्या फोनांच्या रेघा शहाण्या मुलांसारख्या बरोबरीने चालू लागल्या. मी दोघांना बोलावून त्या दाखवल्यासुद्धा.

पण बाबा बोलता बोलता गालाने फोन कट करतात. पुन्हा लावला की तो जायचा भलत्याकडेच.

त्या दिवशी दादाला ऐकू आलं, "आईचं शिलाई मशीन न्यायला माणूस आलाय, पण..." आणि फोन कट. पुढचं ताईला, "दारात उभा आहे बिचारा, द्यायला माझा हातच..." पुन्हा कट. तिसरा फोन मला, ऐन मीटिंगमध्ये.

"तर मग देऊन टाकू का रे?"

मला वाटलं, रद्दी.

"द्या की बाबा, त्यात विचारायचं काय? नुसती अडगळ ती."

"बरं," ते म्हणाले.

संध्याकाळी आम्हा तिघांचे तुकडे जुळले तेव्हा मी बाबांकडे धावत गेलो. खिडकीपाशी फरशीवर मशीनच्या पायांचे डाग तेवढे उरले होते.

"त्या माणसाचा पत्ता?"

"नाही विचारला," बाबा म्हणाले. "मला वाटलेलं, तुमच्यापैकी कुणीतरी नको म्हणेल."

अर्धवट राहिलेलं बोलणं पहिल्याच सर्व्हरकडे परत गेलं पाहिजे, हे मी नवशिक्यांना पहिल्याच दिवशी शिकवतो. बाबांच्या वेळी मला ते सुचलं नाही. मशीन खूप शोधलं, मिळालं नाही.

आता बाबा त्या नंबरावर फोन करत नाहीत. आम्हीच त्यांना करतो, तर ते "बरं आहे" म्हणतात आणि ठेवतात. पडद्यावरच्या तिन्ही रेघा मात्र अजून बरोबरीने चालल्या आहेत, अगदी तळाशी, शून्यावर. इतकी चोख समान वाटणी मला कंपनीतही कधी जमली नव्हती.