काकासाहेबांच्या हॉलमधले बेपत्ता मासे

"मी रायभान," एवढं बोलून रायभान थांबायचे. समोरच्याला दचकायला वेळ मिळावा म्हणून. समोरचा बहुधा दचकत नसे, मग ते पुढे सांगत, "एसटीत तिकीट तपासनीस होतो. माणूस पायरीवर पाय ठेवतो तवाच त्याच्या मानेवरून ओळखतो, ह्यानं तिकीट काढलंय का न्हाई. अख्ख्या मराठवाड्यात असा डोळा दुसरा न्हाई. पोलिसांना जे गुन्हे दिसत न्हाईत, ते मला दिसतात."

यातलं शेवटचं वाक्य बिलकुल खरं होतं. पोलिसांना न दिसलेले आणि मुळात न घडलेले कितीतरी गुन्हे रायभानना दिसले होते. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर त्यांनी नवीन जालन्यातल्या आपल्या दोन खोल्यांवर पाटी लावली : 'रायभान. गुप्तहेर. आत यावे.' गुप्त माणसानं पाटी लावावी का, असं त्यांच्या भाच्यानं, म्हणजे कारभारीनं, एकदा विचारून पाहिलं होतं.

"पाटी नसली तर लोकांना कसं कळंल का आपण गुप्त आहोत?" मामा म्हणाले.

कारभारी हा त्यांचा सहायक. नाव कारभारी असलं तरी घरात कारभार बायकोचा होता आणि बाहेर मामाचा. मामाकडे बुद्धी होती आणि भाच्याकडे मोटरसायकल. पैकी मोटरसायकलीची कागदपत्रं होती.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात बियाण्यांचे मोठे व्यापारी काकासाहेब स्वतः पाटीखालून आत आले. गळ्यात तुळशीची माळ, तोंडावर सुतक.

"मासे गायब होऊन राह्यले," ते म्हणाले.

काकासाहेबांच्या हॉलमध्ये सोफ्यासमोर काचेची मोठी टाकी होती. धंद्यातल्या कोणीतरी सांगितलं होतं की घरात मासे असले की बरकत येते. ते हैदराबादला गेले तेव्हा रंगीत मासे घेऊन आले, आणि त्यांच्याबरोबर बोटाएवढा एक मिशाळ मासाही. काळी पाठ, पांढरा पट्टा, लाल शेपूट आणि लांबच लांब मिशा. काकासाहेबांना स्वतःला मिशी फुटायला फार उशीर झाला होता, त्यामुळे असेल, पण हा मासा त्यांना बघताक्षणी आवडला. शेतकऱ्याला बियाणं विकताना 'झाड केवढं होतं, पाणी किती लागतं, सगळं विचारून घ्या' असं बजावणाऱ्या काकासाहेबांनी हा मासा केवढा होतो हे मात्र दुकानदाराला विचारलं नाही. रंग चांगला होता, विषय संपला.

आता वर्षभरात मिशाळ मासा कोपरापर्यंतच्या हाताएवढा झाला होता. आणि बाकीचे मासे रोज कमी होत होते.

रायभान टाकीसमोर वाकून उभे राहिले. मिशाळ मासा तळाशी स्वस्थ पडून होता. तोंड रुंद, चेहऱ्यावर देवळाच्या विश्वस्ताचं समाधान.

"हा एक साक्षीदार," रायभान म्हणाले. "मिशा बघ. जिम्मेदार दिसतो."

"मामा, पण हा बाकीच्यांपेक्षा लई मोठा झालाय," कारभारी म्हणाला.

"म्हणून तर सांगून राह्यलो. घरातलं मोठं माणूस हजर असताना चोरी झाली आणि त्यानं गडबड केली न्हाई. म्हणजे चोर ओळखीचा हाये."

काकासाहेबांनी मान हलवली. त्यांच्या पत्नी उषाबाई चहा घेऊन आल्या होत्या; त्यांनी कप ठेवला, माशाकडे बघितलं, मग रायभानकडे बघितलं, आणि दोघांमध्ये फारसा फरक न दिसल्यासारख्या आत गेल्या.

तपास सुरू झाला. पहिला संशय मांजरावर होता. घरात मांजर नव्हतं, आणि रायभानच्या मते हेच फार संशयास्पद होतं. मग मासे उड्या मारून बाहेर पडले असावेत म्हणून कारभारीला सोफ्याखाली घालण्यात आलं. त्याला एक कंगवा आणि तीन लग्नपत्रिका सापडल्या. त्यानंतर रायभाननी उन्हाचा मुद्दा काढला. जालन्याच्या उन्हात विहिरी आटतात, तर बोटाएवढ्या माशाची काय कथा.

"पाणी आटतं, मामा. मासा कसा आटंल?"

"मासा कशात राहतो?"

"पाण्यात."

"मंग?"

कारभारीनं मोटरसायकलीला किक मारली. पुढे शेजारचे बियाणेवाले रखमाजी यांच्यावर दोन दिवस पाळत ठेवून झाली. रखमाजींनीच शेवटी त्यांना उन्हातून आत बोलावून ताक पाजलं आणि विचारलं, "काही बियाणं पाहिजे का नुसतं बघून राह्यले?"

मग रायभाननी सापळा लावला. दहा नवे सोनेरी मासे आणून टाकीत सोडले. चोर पुन्हा येणार, आणि आला की सापडणार. चोर सापडला नाही, पण सकाळी टाकीत चारच सोनेरी मासे राहिले होते. रायभान खूश झाले. सापळा लागू पडत होता. त्यांनी आणखी मासे आणवले. तेही गेले. साक्षीदार आता टाकीत वळताना काचेला घासत होता.

"त्याचं पोट फुगलंय," कारभारी म्हणाला.

"दुःखानं," रायभान म्हणाले. "सोबती गेले बिचाऱ्याचे. बाहेरून दिसत न्हाई, पण आत साचून राहतं ते."

आत साचून राहिलं होतं एवढं बरोबर होतं.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण काकासाहेबांच्या घरी उषाबाईंचा धाकटा भाऊ राहायला होता. भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचा. दाजींच्या दुकानात धंदा शिकायला आला होता. पोरगा मेहनती, बोलायला कमी. मंठ्याच्या एका चांगल्या घरातली मुलगी त्याला सांगून आली होती आणि रविवारी मुलीकडची माणसं मुलगा आणि घर बघायला येणार होती. त्याचं नाव मच्छिंद्र.

रायभाननी ते नाव ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"परत सांगा."

"मच्छिंद्र," काकासाहेब म्हणाले.

"मासे कमी झाले मच्छिंद्र आल्यावर. घर माळकरी, पण हा मासे खातो का न्हाई?"

"गावाकडं खातो. इथं न्हाई."

"इथं न्हाई असं तो म्हणतो," रायभान म्हणाले.

कारभारी मामाच्या कानाशी लागला. "मामा, नावावरून पकडायचं म्हणलं तर मी आतापर्यंत श्रीमंत पाहिजे होतो. एका पोराचं लग्न हाये. जरा सबुरीनं घ्या."

मामांनी घेतलं नाही. रात्रीच्या जेवणाला सगळे बसले असताना काकासाहेबांनी, पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून रविवारच्या आधीच, मेव्हण्याला विचारलं, "मच्छिंद्र, मासे तू खाल्ले का?"

मच्छिंद्रचा हात ताटातच थांबला. त्यानं आधी बहिणीकडे बघितलं, मग दाजींकडे. "शोपीसचे मासे, दाजी? भाजून का तळून?"

"मी सरळ इचारलं."

"न्हाई खाल्ले," तो म्हणाला. ताटाला हात जोडून उठला, पिशवी भरली आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं धावड्याला निघून गेला. उषाबाईंनी त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं बंद केलं. काय सांगायचं ते त्या टाकीकडे बघून सांगत. "जेवायला वाढलंय," असं त्या माशाला म्हणायच्या आणि काकासाहेब उठून जायचे.

कारभारीला त्या घरात पाय ठेवायची लाज वाटू लागली. रायभान मात्र प्रसन्न होते. गुन्हेगार पळून गेला, म्हणजे गुन्हा कबूल.

मंठ्याच्या पाहुण्यांना 'येऊ नका' म्हणून कळवायचं कोणी, यावर नवरा-बायकोत बोलणं नसल्यामुळे निर्णय झाला नाही, आणि रविवारी पाहुणे आले. मुलीची आत्या झुंबरबाई आणि मुलीचे वडील कडूबा. कडूबा मान हलवायचे आणि झुंबरबाई ठरवायच्या, हे बसताक्षणी कळलं. झुंबरबाईंना टाकीसमोरचा सोफा मिळाला.

"पोरगा कुठं हाये?" त्यांनी विचारलं.

काकासाहेबांनी घसा साफ केला. तेवढ्यात रायभान उभे राहिले. ते काही बोलावणं नसताना आले होते. "मी रायभान," ते म्हणाले आणि थांबले. कोणी दचकलं नाही. "ह्या घरात एक गंभीर प्रकरण घडलेलं हाये. तुमच्या मुलीच्या भल्यासाठी तुम्हाला ते माहीत पाहिजे. या टाकीतले मासे एकेक करून—"

"त्यानं गिळला," झुंबरबाई म्हणाल्या.

"मी तेच सांगून राह्यलो. मच्छिंद्रनं—"

"अहो कसला मच्छिंद्र. हा मिशावाला. आत्ता माझ्यासमोर गिळला सोनेरी मासा. शेपटी अजून बाहेर हाये बघा."

सगळ्यांनी बघितलं. मिशाळ माशाच्या रुंद तोंडातून सोनेरी बारीक शेपटी दिसत होती. त्यानं एकदा तोंड मिटलं आणि शेपटीही गेली. मग तो तळाशी जाऊन पडला, चेहऱ्यावर तेच समाधान.

कारभारीला हसू आलं नाही, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. तो उषाबाईंकडे बघत होता. त्यांनी पदर तोंडाला लावला होता, आणि बऱ्याच दिवसांनी त्या थेट नवऱ्याकडे बघत होत्या.

"माझा भाऊ," त्या एवढंच म्हणाल्या.

झुंबरबाईंनी सगळी हकिगत उषाबाईंकडून काढून घेतली. ऐकून झाल्यावर त्या उठल्या. "चला धावड्याला. पोरगा बघायला आलो, बघूनच जाऊ."

काकासाहेबांच्या जीपमध्ये सगळे बसले. मच्छिंद्र मिरचीच्या रोपांना पाणी देत होता. एवढी माणसं बांधावरून येताना बघून त्यानं पाटाचं पाणी वळवलं, हात धुतले आणि उभा राहिला. काकासाहेब पुढे झाले. भाषण त्यांनी रस्त्यात तयार केलं होतं, पण ते आठवलं नाही.

"माशानं खाल्ले," ते म्हणाले. "चुकलं माझं."

"मला संशय घेतल्याचं काही न्हाई, दाजी," मच्छिंद्र म्हणाला. "पण ताटावर इचारलं तुम्ही. माझ्या बहिणीनं भाकरी वाढली होती आणि तुम्ही इचारलं."

काकासाहेबांनी मेव्हण्याचे ओले हात आपल्या हातात घेतले आणि सोडले नाहीत. कडूबांनी मान हलवली. कारभारीनं मामाकडे बघितलं. मामा मिरचीचं पान निरखत होते, कसला तरी माग लागल्यासारखे.

बांधावरच्या झाडाखाली चहा झाला, तेव्हा काकासाहेब म्हणाले, "घरी गेलो की पहिलं काम, त्या माशाची ब्याद घालवायची."

"तळ्यात सोडा," रायभान लगेच म्हणाले. "आरोपी तडीपार. प्रकरण खतम."

झुंबरबाईंनी बशी खाली ठेवली. "आवडला म्हणून आणला, आन् वाढला म्हणून सोडला? आमची पोरगी बी वाढंल, पाहुणे. लेकरंबाळं झाल्यावर सगळ्याच बाया वाढतात. मंग तिला बी तळ्यात सोडणार का?"

काकासाहेबांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

"माझं हो-न्हाई मी त्या माशाचं काय करता ते बघून सांगंन," झुंबरबाई म्हणाल्या, आणि पाहुणे मंठ्याला गेले.

त्यामुळे जालन्यात पहिल्यांदाच एका माशाच्या सोयीवर लग्न अडलं. उषाबाईंनी हैदराबादच्या दुकानात फोन लावला. कारभारी शेजारी उभा होता. दुकानदार मोठ्या आनंदानं सांगू लागला, "हां भाभीजी, वो तो चार फुट का होता है. घर की टंकी में नहीं रहता. पानी गरम रखना, साफ रखना. छोटी मछली साथ में मत रखना, जो मुंह में जाएगा सो पेट में जाएगा. और तालाब में बिलकुल मत छोड़ना, वहां की सब मछली खा जाएगा."

"पहले क्यों नहीं बताया?"

"किसी ने पूछा नहीं."

उषाबाईंनी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं खिडकीबाहेर बघितलं.

बियाण्यांच्या गोदामाची अर्धी खोली रिकामी करण्यात आली. तिथं विटा-सिमेंटचा लांबरुंद हौद बांधला, पुढच्या बाजूला जाड काच. सिमेंटचा खार उतरावा म्हणून पाणी कितीदा भरलं आणि सांडलं, त्याची गणती नाही. वरून जाळीचं झाकण, पाणी गाळायला पंप, थंडीत ऊब देणारा हीटर, आणि भारनियमनात पंप बंद पडू नये म्हणून इन्व्हर्टर. काकासाहेबांच्या स्वतःच्या झोपायच्या खोलीत इन्व्हर्टर नव्हता. उकडून हैराण झाले की ते उशी घेऊन माशाकडे झोपायला जात. माळकरी घरात स्वयंपाकघराला शिवणार नाही अशा बेतानं दुकानात परत आलेला मच्छिंद्र बाजारातून कोळंबी आणायचा, गोदामातच साफ करायचा आणि एक दिवसाआड मापात घालायचा. रोज घातलं तर मासा खाईल, पण तब्येत बिघडेल, असं दुकानदाराला आता विचारल्यावर त्यानं सांगितलं होतं. दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं काम काकासाहेबांकडे आलं. मालकाला बादल्या उचलताना बघून दुकानातली माणसं नजर खाली घालायची.

पोळ्यानंतर झुंबरबाई आल्या. हौदाला फेरी मारली, पाण्यात बोट बुडवून बघितलं, झाकण हलवून बघितलं. मिशाळ मासा काचेजवळ आला आणि एका जागी थांबला.

"बाकीचे मासे?" झुंबरबाईंनी विचारलं.

"राहिलेले घरातल्या टाकीत," मच्छिंद्र म्हणाला. "ह्याच्याजवळ कोणी न्हाई. एकटाच खूश राहतो."

"आन् मरस्तोवर सांभाळणार?"

"पंधरा-वीस वर्षं जगतो म्हणतात," काकासाहेब म्हणाले. आवाज जरा बारीक आला. "सांभाळतो."

झुंबरबाईंनी भावाकडे बघितलं. कडूबांनी मान हलवली. "तारीख काढा," त्या म्हणाल्या.

लग्न मंठ्याला झालं. रायभान कोट घालून आले होते. हे प्रकरण आपणच सोडवलं, साक्षीदारावर संशय न दाखवता त्याला गाफील ठेवला, असं ते मांडवात भेटेल त्याला सांगत होते. पंगत बसली तेव्हा झुंबरबाईंनी त्यांना हाताला धरून पहिल्या पाटावर बसवलं आणि आपल्या सगळ्या गोतावळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओळख करून दिली : "हे रायभान. आमच्या जावयाला मासेचोर ठरवणारे ते हेच."

माणसं मागे वळून बघू लागली. रायभान उठून उभे राहिले, चारी दिशांना हात जोडले आणि बसले.

"बघितलं का," ते शेजारच्या कारभारीला हळूच म्हणाले, "मंठ्यापर्यंत नाव गेलं."

"गेलं, मामा," कारभारी म्हणाला. "बराबर गेलं." आणि त्यानं वाढप्याला बोलावून मामाच्या पानात आणखी दोन मुठी बुंदी वाढायला लावली, म्हणजे निदान तेवढा वेळ तोंड बंद राहील.