गुलाबरावांचा लोटायचा ट्रॅक्टर

आमच्या गल्लीला सकाळी कोंबडा जागं करत नसे, गुलाबराव करत. "लोटा गा, लोटा!" अशी आरोळी आली की गालावरचा साबण तसाच ठेवून मी बाहेर पडे. समोरचे पोस्टमन, कोपऱ्यावरचा शिंपी, दूध घेऊन निघालेला कोणी, असे सगळे मिळून आम्ही त्यांचा छोटा ट्रॅक्टर लोटत असू. तो दोन गचके खाई, काळा धूर आमच्या तोंडावर सोडी आणि सुरू होई. गुलाबराव मागं न बघता एक हात वर करत आणि निघून जात.

ही सत्तरच्या दशकातल्या, नागपूरच्या नंदनवन वस्तीतली गोष्ट. घरांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त, आणि त्यांच्या पलीकडं गुलाबरावांचं शेत. ट्रॅक्टर त्यांनी जुनाच घेतला होता, पण तो बिघडलाय असं म्हटलेलं त्यांना खपत नसे. "मशिनीत खोट नाही. डिझेलले थंडी वाजून राहिली," असं ते सांगत. नागपुरात, मे महिन्यात.

एकदा एक शेतकरी चौकशीला आला. असाच जुना, छोटा ट्रॅक्टर त्याला मिळत होता.

"काकाजी, तुमचा अनुभव काय? भरवशाचा हाय काय?"

"डोये मिटून घे," गुलाबराव म्हणाले. "फक्त शेजारी पाहून घे."

मी बाजूलाच धापा टाकत उभा होतो.

मग दिवाळीला भिलाईहून त्यांचा मुलगा आला. बापाची आरोळी आणि आमची फरफट पाहून तो ओशाळला. मेकॅनिक बोलावून त्यानं नवी बॅटरी बसवली, स्टार्टर दुरुस्त करून घेतला आणि नोकरीवर परत गेला. दुसऱ्या दिवशी बटण दाबताच ट्रॅक्टर धडधडला. आम्ही टाळ्या वाजवल्या. शिंपी म्हणाला, "सुटलो बाप्पा!"

मला दाढी निवांत करता येऊ लागली. गुलाबराव कधी जातात, कधी येतात, ते कळेनासं झालं.

एका सकाळी ऑफिसला निघालो, तर ते अंगणात ट्रॅक्टरवर बसलेले. इंजिन सुरू, पण ट्रॅक्टर जागच्या जागी. मी सायकलवरून उतरलो.

"काय झालं काकाजी? अडला काय?"

"नाही गा. मस्त चालून राहिला."

"मग वावरात काहून नाही गेले?"

त्यांनी इंजिन बंद केलं. "तुमची काकू गेली तवापासून घरात माणसाचा आवाज नाही, बाबू. सकाळी तुमी लोटाले याचे, कुरकुर कराचे. तो शिंपी शिव्या दे. बरं वाटे." मग म्हणाले, "पोरानं चांगल्यासाठीच केलं. त्याले काय म्हणू?"

ऑफिसात साहेब वाट बघत असणार होते. मी सायकल त्यांच्या भिंतीला टेकवली.

"मले रामदासपेठेत, ऑफिसात सोडता काय?"

"काहून? सायकल पंक्चर हाय?"

"नाही."

त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं चाकावरचा पत्रा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

"बस," म्हणाले.

वाटेत पायी चालणारी माणसंसुद्धा आम्हाला मागं टाकून जात होती. गुलाबराव मुद्दामच हळू चालवत होते, आणि एकसारखे बोलत होते.