पडलेल्यावर वार नाही

आपण केलेल्या नियमांतून मुंगीसुद्धा निसटायची नाही, असं कुंदाचं म्हणणं होतं! अख्ख्या अमरावतीत असा पक्का लढाईचा खेळ कुणी रचून दाखवावा, असं तिनं भाकरी थापता थापता नवऱ्याला, म्हणजे वसंत वकिलांना, बजावलंही होतं.

खेळ रचला तो मात्र गरजेपोटी. पाळण्यातलं बाळ दुपारी जेमतेम डोळा लावी, आणि नेमका तेव्हाच तिची ललिता आणि भिंतीपलीकडच्या नबी फिटरची सितारा असा दंगा करत, की कापसाच्या जिनिंगचा भोंगा बरा! म्हणून कुंदानं दोघींना ओसरीत बसवलं, खडूनं राक्षसाचा गड काढला आणि चिंचोके मांडले. ललिता झाली मंतर जाणणारी राणी. सितारा झाली तलवारवाला सरदार. राक्षस अर्थातच कुंदा, आणि गोष्टही तिनंच पुढं न्यायची. चार कवड्या फेकायच्या. जितक्या उताण्या तितके घाव. फार घाव झाले की चिंचोका आडवा.

पहिल्याच दुपारी सरदारानं जोशाच्या भरात आपल्याच पडलेल्या राणीवर तलवार चालवली. राणीनं भोकाड पसरलं. बाळ उठलं! कुंदानं तिथल्या तिथं कायदा केला, "पडलेल्यावर वार करायचा नाही! कुणीच नाही, कधीच नाही!"

दुसऱ्या दिवशी सिताराचा चिंचोका गडाच्या दारात आपणहून आडवा.

"हे काय गं? तुला तर अजून खरचटलंही नाही!"

"माहा सरदार आपल्या मनानं पडला, काकू. आता तुमचा राक्षस त्याले मारू नाही शकत."

"मग तुझ्या सरदारालाही लढता येणार नाही."

"कावून? पडल्या पडल्या लढायले कोनं मना केलं?"

कुंदानं कोर्टातून आलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. "अहो, तुम्हीच सांगा हिला!"

वसंतानं टोपी खुंटीला लावली. "मनाई नाही त्याअर्थी मुभा आहे. सरदार निर्दोष!"

राक्षस उभ्या उभ्या मेला. सरदार लोळत लोळत जिंकला!

इथवर ठीक होतं. पण नियम खडूच्या रेघेत थोडाच राहतो? ललितानं दुधाचं पातेलं लवंडलं. कुंदानं हात उगारला, तर पोरगी दुधातच सपशेल आडवी! "पडलेल्यावर वार नाही, आई!" पलीकडं सितारा चुलीपुढं लोळण घेऊन आईच्या उलथण्यापासून बचावली. तिची आई शहाजादी भिंतीवरून ओरडली, "कुंदाभाभी, ये क्या सिखा दिया? मारने को हाथ उठाओ तो पूरा घर लेटता है!"

कहर केला तो वकिलांनी. रॉकेल आणायचं पुन्हा विसरले. कुंदा लाटणं घेऊन स्वयंपाकघरातून निघाली, तर वकीलसाहेब काळ्या कोटासकट सतरंजीवर पसरलेले!

कुंदा हसली. डोळ्यांतून पाणी येईतो हसली. तिथंच चुकलं. नियमातलं भोक तेव्हाच बुजवायला हवं होतं. पण आई हसली, की पोरांच्या लेखी कायदा पक्का होतो.

दसरा झाला आणि नबीला अकोटच्या जिनिंगमध्ये पक्की नोकरी मिळाली. भांडी पोत्यात गेली, गाद्या गुंडाळल्या. सिताराला मात्र कुणी नीट सांगितलंच नाही. लहान आहे, गाडीत बसली की रमेल!

कुंदाचं सगळं घर एसटी स्टँडवर पोचवायला आलं. अकोटची गाडी लागली. शहाजादी बोचकी घेऊन चढली आणि सितारा गाडीच्या पायरीशी, भर धुळीत, उताणी पडली.

"मिरगी आली वाट्टे पोरीले!"

"चप्पल हुंगवा!"

"कांदा फोडा, कांदा!"

कुणीतरी शिदोरीतला कांदा खरंच फोडला. तेवढ्यात ललिताही तिच्या शेजारी जाऊन आडवी झाली. कंडक्टर खेकसला, "साथ हाय काय बाप्पा ही?"

"उठ, बेटा," नबी वाकला.

"नाही, अब्बा. मी पडली हाय. आता मले कोनी कायीच करू नाही शकत. इचारा काकूले!"

सगळा स्टँड कुंदाकडं बघू लागला. नबी हळूच म्हणाला, "वैनी, सांगा जी तिले. तुमचंच आयकते ते."

खेळ तो खेळ, असं म्हणता आलं असतं. पण सितारानं डोळे गच्च मिटले होते, आणि त्या मिटलेल्या डोळ्यांत काकूच्या शब्दाबद्दल तीळभर शंका नव्हती. शब्द मोडायचा कसा? कुंदानं कडेवरचं बाळ सावरलं आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्याच नियमाला भोक शोधलं.

"नियम खरा आहे, सितारा. पडलेल्यावर वार करायचा नाही." तिनं नबीकडं पाहिलं. "पण... उचलायला मनाई नाही."

 

नबीनं तिला अलगद उचललं. पोरीनं आरडाओरडा केला नाही, हातपाय झाडले नाहीत. सगळा पावसाळा तिनं दुसऱ्याच्या कायद्यातली भोकं काढली होती. खरं भोक कोणतं, ते तिला बरोबर कळत होतं. कुंदाला वाटलं, निदान रडायचं तरी होतंस गं!

गाडी हलली. खिडकीच्या गजांत धुळीनं माखलेलं तोंड आलं.

"काकू! मंग परत उचलून आनायलेही मनाई नाही ना?"

"नाही गं!" कुंदा गाडीमागं चार पावलं धावली. "मुळीच नाही!"

धूळ बसली. कांदा फोडणारा कांदा खाऊन मोकळा झाला. ललिता अजून जमिनीवरच होती.

"मग कधी आणायचं तिला, आई?"

कुंदानं नवऱ्याकडं पाहिलं. एवढा कायदा जाणणारा माणूस, पण टांगा शोधायच्या निमित्तानं भलतीकडंच बघत होता. तिनं बाळ त्याच्या हातात दिलं, वाकली आणि ललिताला उचललं. मनाई नव्हतीच. पण पोरगी भलतीच जड लागली.