आधी एकेक, मग जोडी

डिमेलो सरांनी माझ्या बायकोला माझ्यापासून वेगळं केलं, तेव्हा आमच्या लग्नाला जेमतेम बारा दिवस झाले होते. मार्वेच्या धक्क्याला मनोरीची बोट लागलेली. बोटीत बसायला तीन फळ्या. आणि सर हात आडवा धरून उभे. "एका फळीवर एकच! तिन्ही भरल्या की मग जोड्या."

त्यांच्या मनोरीच्या घरी जेवायला आम्हाला त्यांनीच बोलावलं होतं, हे विशेष.

सर आमच्या कांदिवलीच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवत, मी मराठी. अणूत इलेक्ट्रॉन भरतात तशीच बोट भरली पाहिजे, असं या विद्वानाचं मत. पी उपकवचात तीन ऑर्बिटल, म्हणजे बसायच्या तीन जागा. इलेक्ट्रॉन आधी एकेकटे बसतात, मग जोडीनं. एकूण सहा. सातवा उतारू आला की सर सांगत, "पुढच्या कवचात जा." म्हणजे पुढच्या बोटीची वाट बघा.

"मास्तर, माझी पाटी कुठल्या कवचात ठेवू?" मासे विकून परतणाऱ्या मार्थाबाईंनी विचारलं.

"डोक्यावर!"

"घाई नको, एनर्जी बघा," हा त्यांचा मंत्र. मी बोरिवलीत ब्लॉक बघत होतो तेव्हाही तोच. वर चढायला एनर्जी जास्त, म्हणून तळमजला घ्या म्हणाले. घेतला. पहिल्याच पावसाळ्यात गटार घरी पाहुणं आलं.

पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन फोर-एस उपकवचाऐवजी थ्री-डीमध्ये घातला, की अकरावीचं पोर नापास झालंच. "त्या इलेक्ट्रॉनला तुझ्यापेक्षा अक्कल आहे. कमी एनर्जीची जागा तो आधी घेतो."

जेवून आम्ही परत निघालो, तर कामासाठी पुन्हा मार्वेला निघालेल्या मार्थाबाई बोटीत भेटल्या. सर नव्हते, त्यामुळे मी मोकळेपणानं विचारलं, "या माणसाला सहन कसं करता हो?"

त्या हसल्या नाहीत. "माझ्या रोझीला यांनीच नापास केली. पोर खोलीत शिरली ती बाहेर येईना, धड जेवेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी शिव्या घातल्या. ऐकून घेतल्या. तिसऱ्या दिवशी परत हजर. म्हटलं, कशाला येता? तर म्हणाले, 'नापास मी केलं, मग दुसरं कोण येणार?'"

"शिकवायचे तिला?"

"छे! नुसते बसायचे. दिवे लागले की जायचे. नवव्या दिवशी रोझी आपणहून बाहेर आली, चहाचा कप घेऊन."

"मग?"

"मास्तरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. चहा पार गार झाला, तरी वळेनात."