पाळण्यावरचा डोळा

‘नुसती डोकावून येते,’ असं तेपाएरूनं ठरवलं आणि तिथंच सगळं बिघडलं.

इना दोन महिने आधीच जन्मली होती. झोपेत तिचा श्वास मध्येच थांबायचा, म्हणून बेटावरच्या नर्स अकैतीनं पाळण्यावर छताला कॅमेरा लावून दिला. बाळाला हातही न लावता, नुसत्या उजेडावर तो छातीचं वरखाली होणं मोजायचा. पंधरा सेकंद हालचाल नाही, की ठणाणा! पाळण्यात कुणीच दिसलं नाही, तर मात्र गप्प. “आठवड्यात दहादा वाजला, तर विमानानं ऑकलंडला न्यावं लागेल,” अकैतीनं बजावलं होतं.

तेपाएरूचा यंत्रावर पूर्ण विश्वास. (म्हणूनच दर अर्ध्या तासानं ती स्वतः बघून यायची.)

सोमवारी ती पाळण्यावर वाकली आणि यंत्र ठणाणलं. इना मात्र गुलाबी, गाढ झोपेत. मंगळवारी तेच. बुधवारी तीनदा. ती खोलीत नसली की यंत्र गप्प. ती वाकली की श्वास बंद! पडदा हलत नव्हता, माडाची झावळी हलत नव्हती, आणि खिडकीबाहेर, बेटावरच्या रीतीप्रमाणे अंगणातच बांधलेली आजेसासूबाईंची पांढरी कबर कान देऊन बसल्यासारखी.

त्याच कबरीवर बसून सासूबाई, तेउपोको, अळूचे कंद सोलत होत्या.

“बघायला येत असेल,” त्या सहज म्हणाल्या.

“कोण?”

त्यांनी सुरीनं खाली टकटक केलं. “माझ्या पोरांनाही बघायची. कुठल्याच सुनेचं काही पटलं नाही तिला. तुझंही खटकलं असेल.”

“आई, मी शाळेत विज्ञान शिकवते!”

“मग तिलाही शिकव.”

शुक्रवारी दुपारपर्यंत नऊ झाले. आसपास कुणी नाही असं बघून विज्ञानाच्या बाई कबरीपाशी गेल्या. “माझ्या पोरीला सोडा!” आधी दटावलं. मग हात जोडले. “मी वाईट आई असेन हो, पण मला ती एकच आहे.”

परत आली तर घर चिडीचूप. पाळण्यावर वाकून, डोळे मिटून तिनं कान लावला.

ठणाणा!

तिनं झडप घातली. हाताला नुसती गोधडी लागली. पाळणा रिकामा. यंत्राच्या पडद्यावर लाल अक्षरं : ‘श्वास थांबला, एकवीस सेकंद.’

तिची किंकाळी ऐकून ओसरीवरून सासूबाई ओरडल्या, “अगं, हळू! इना माझ्या मांडीवर झोपलीय.”

“मग आत कुणाचा श्वास थांबला?”

सासूबाईंनी एक नजर कबरीकडे टाकली आणि अकैतीला फोन लावला.

अकैती स्कूटरवरून तातडीनं आली. “कशी बघतेस, करून दाखव.”

तेपाएरू वाकली. थोड्याच वेळात ठणाणा.

“श्वास का रोखलास?”

“तिचा ऐकू यावा म्हणून!”

“अगं बाई, तू वाकलीस की कॅमेऱ्याला तुझी पाठच दिसते! पोरीचा श्वास आठवडाभर उत्तम चाललाय. दहाही वेळा थांबला तो तुझा.”

ऑकलंड टळलं. तेवढ्यात सासूबाईंनी तेपाएरूच्या हातात फुलांची माळ ठेवली.

“कबरीपाशी दटावलंस, ते ऐकलं मी ओसरीवरून. जा, म्हातारीची माफी माग. आणि मागताना श्वास चालू ठेव हो, नाहीतर तिला वाटेल, शेजारी राहायलाच आलीस.”