शमुवेल नानांची हाउजी

शमुवेल नाना हाउजीचा आकडा कधी नुसता सांगत नाहीत. पिशवीतून सोंगटी काढतात, चष्मा नाकावर ओढतात आणि माइकवर म्हणतात, “प्रवाशांनी लक्ष द्यावे. बेचाळीस, चार आणि दोन, पारोळा-एरंडोलमार्गे जळगाव, फलाटावर लागत आहे.”

धुळ्याच्या बसस्थानकावर त्यांनी आयुष्यभर गाड्यांच्या घोषणा केल्या. नाना निवृत्त झाले, घोषणा झाल्या नाहीत. आमच्या भिंतीपलीकडून रोज सकाळी ऐकू येतं, “चहा सुटण्याच्या तयारीत आहे.” घरात ते एकटेच असतात.

नाताळच्या दुपारी चर्चच्या अंगणात हाउजी असते. निम्मी गल्ली येते, त्यात धर्म कोणी विचारत नाही. मी नानांशेजारी बसून निघालेले आकडे फळीवर लावतो.

नाना नियमाला पक्के. गेल्या वर्षी पाळकसाहेबांनी फुलहाउस, म्हणजे तिकिटावरचे पंधराही आकडे खोडून झाल्याचं, सांगितलं. एक आकडा चुकून खोडलेला निघाला. नानांनी तिकीट परत दिलं. “साहेब, या तिकिटावर प्रवास होणार नाही.” पाळकसाहेब उरलेला वेळ हाताची घडी घालून बसले.

यंदा रूथ अक्का एकट्या आल्या होत्या. त्यांचे मालक उन्हाळ्यात गेले. दोघं मिळून एकच तिकीट घ्यायचे. अक्कांची नजर अधू, त्यामुळे आकडे ते वाचायचे आणि अक्का पेनानं खोडायच्या.

खेळ रंगात आला असताना अक्का उठून उभ्या राहिल्या. “नाना, मनं बठ्ठं भरनं.”

अक्कांचं सगळं भरलं म्हटल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिकीट नानांच्या हातात आलं. मी वाकून पाहिलं. खोडलेल्यांपैकी चार आकडे अजून पिशवीतच होते.

नानांनी तिकीट बराच वेळ धरून ठेवलं. मग सावकाश पंधरा आकडे वाचले. सगळे फळीवर होते. त्यातले चार तिकिटावर नव्हते.

“बरोबर,” नाना म्हणाले. “फुलहाउस.”

बक्षिसाची सोलापुरी चादर मांडीवर घेऊन अक्का शेजारणीला सांगत होत्या, यंदा एकटीनं खेळले, तरी भरलं.

नानांनी पुन्हा माइक घेतला. “प्रवाशांच्या सोयीसाठी जादा गाडी सोडण्यात येत आहे.” म्हणजे आणखी एक फुलहाउस. त्याला बक्षीस ठरलेलं नव्हतं. नानांनी मुलीनं पाठवलेला नवाकोरा स्वेटर अंगातून काढला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला. तो कोपऱ्यावरच्या सलीम टेलरना लागला. त्यांना तो बेतात बसला.

खुर्च्या उचलताना मी हळूच म्हणालो, “नाना, अक्कांचे चार आकडे...”

नानांनी अक्कांचं तिकीट खिशातून काढलं, बारीक फाडलं आणि परत खिशात टाकलं.

“इतकी वर्षं तो वाचून दाखवायचा,” ते म्हणाले. “आज तिनं पहिल्यांदा स्वतः वाचलं. मी चूक म्हणू?”